मुठीतला तांदूळ

काल मोठे साडू मधुकरराव देवरीहून सुगंधी तांदूळ घेऊन आले. भाताला वाफ येताच त्यांनी डोळे मिटले आणि मी जळून खाक झालो. कोरोनात गेलेली माझी वासाची जाण अजून परतलेली नाही. तरी तांदळाचा पारखी म्हणून मी मिरवतोच. घराबाहेर सांगतो कोण?

याच नाकानं कधीकाळी मी त्यांना हरवलं होतं! लग्नानंतरची पहिली दिवाळी. सासऱ्यांनी दोन्ही जावयांच्या हातांवर दोन जातींचे तांदूळ ठेवले. "सांगा, आपल्या बांधीतला, घरच्या शेतातला कोणता?" मी मुठीत तोंडाची ऊब सोडली आणि हुंगलं. ताज्या दुधासारखा, ओल्या पानासारखा गंध डोक्यात चढला. सर्दीनं बेजार मधुकरराव चुकले. "भाऊजी, नाक कुठं विसरले?" मी भर पंगतीत विचारलं. तुपाची पहिली धार माझ्या भातावर पडली. त्यांचा उतरलेला चेहरा मी तुपासारखाच चाखला.

काल त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या मुठीत तांदूळ ठेवले. मी ऊब सोडली, हुंगलं आणि डोलत म्हणालो, "वाहवा! काय सुगंध!"

ते कानाशी वाकले. "साडभाऊ, हा रेशनचा होय. कायले नाटक करून राहिले?"

मग मोठ्यानं म्हणाले, "बरोबर ओळखलं!" आणि तुपाची पहिली धार माझ्याच भातावर सोडली.

त्यांच्या नाकाचा हेवा मी सोसला असता. या मनाचा कसा सोसू?