दाखलेबाबा आणि हरवलेली पानं

हात धुतल्याशिवाय दाखलेबाबा कोणालाही शाळेच्या जुन्या रजिस्टरला शिवू देत नसत. तपासणीला आलेल्या एका साहेबांना त्यांनी माझ्यादेखत हातपंपाकडे पाठवलं होतं. साहेबांनी हसत विचारलं, पूजा आहे का काही? बाबा हसले नाहीत. "पूजा नाही साहेब. लोक हायेत याच्यात," एवढं म्हणाले आणि साहेब ओले हात रुमालाला पुसत परत येईपर्यंत रजिस्टर छातीशी धरून उभे राहिले.

ते आमच्या शाळेचे शिपाई. वाशीम जिल्ह्यात, केनवडच्या पुढे आत वळणाऱ्या रस्त्यावर ती शाळा होती. मी तिथे नऊ वर्षं शिकवलं. मुख्याध्यापक येत, बदलून जात. बाबा मात्र कायम. कोणी कोर्टाच्या किंवा जातीच्या दाखल्याच्या कामासाठी यायचं, आजोबाचं नाव सांगायचं, आणि बाबा अंदाजानंच पान उघडून बोट ठेवायचे. म्हणून ते दाखलेबाबा. स्वभाव मात्र कमालीचा चिडका. मिळालेला दाखला कोणी चार घड्या करून खिशात कोंबला, तर त्याला परत बोलावून ते घडी उलगडायला लावत. रजिस्टरवर चहाचा कप ठेवणाऱ्या एका मुख्याध्यापकांशी ते दोन महिने कामापुरतंही बोलले नव्हते.

या रागाचं मूळ मला एके दिवशी त्यांनी स्वतःच दाखवलं. एका पानावर दोन मुलांची नावं खालीवर होती. एक 'किसनराव', बापाच्या नावासह, आडनावासह. दुसरं नुसतं 'किसन्या', पुढे जातीचं नाव. हा किसन्या म्हणजे बाबांचा आजा, शाळेच्या ओट्यावर बसून दोन इयत्ता शिकलेला. "ज्याले राव लावलं, तोही सहा वर्षांचाच होता न म्याडम," ते म्हणाले. त्यांचं घराणं पुढे बौद्ध झालं, मुलं शिकली, एक मुलगी मंगरूळपीरला नोकरीला लागली. त्या प्रत्येक पायरीवर कागद लागला तो हाच, 'किसन्या' लिहिलेला. आपल्या आज्याचा अपमान करणारं पुस्तक हा माणूस जिवापाड जपत होता, कारण आजा या जगात होता याचा दुसरा पुरावाच नव्हता.

मग तालुक्याच्या कार्यालयातून पत्र आलं, की जुनी रजिस्टरं जतन करण्यासाठी जमा करावीत. बाबांनी ते दोनदा वाचायला लावलं. ज्या कार्यालयाला स्वतःच्या फायली सापडत नाहीत ते आपलं काय जतन करणार, असं त्यांनी मुख्याध्यापकांना तोंडावर विचारलं. शेवटी मी तोडगा काढला. माझ्या भावाचा कॅमेरा होता. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस आम्ही शाळेच्या ओट्यावर उन्हात बसलो. बाबा एकेक पान दोन्ही हातांनी उलटत, मी फोटो काढत असे. चारशे बारा पानं. जमा करायला गेलो तेव्हाही त्यांनी मला कॅमेरा घ्यायला लावलाच.

इथून पुढची चूक माझी. ते फोटो मी कॅमेऱ्यातच राहू दिले. आज करू, उद्या करू म्हणत जवळपास वर्ष गेलं. मग गावातल्या करुणाला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि जात पडताळणीसाठी तिच्या पणजोबाची नोंद हवी झाली. तिची आई तालुक्याला गेली तेव्हा उत्तर मिळालं, की असं रजिस्टर आमच्याकडे आलेलंच नाही. आलेलंच नाही! ज्या बाईचा दिवसाचा रोज बुडला तिला त्यांनी बसा म्हटलं नाही, पुस्तक शोधलं नाही, वर शाळेनंच हरवलं असेल असं सुनावलं. ते आठवलं की आजही माझ्या कपाळाची शीर उठते.

मी म्हटलं, काळजी नको, फोटो आहेत. बाबांना, करुणाला शेजारी बसवून शाळेच्या कॉम्प्युटरला कॅमेऱ्याचं कार्ड जोडलं. फोटो आत घेतल्यावर कार्डावरचे काढून टाकायचे का, असं कॉम्प्युटरनं विचारलं आणि मी घाईत हो म्हटलं. शेवटचा फोटो उतरला, कार्ड मोकळं झालं आणि त्याच क्षणी लाईट गेली. तासाभरानं आली. कॉम्प्युटर चालू केला तर चारशेच्या वर फायलींची नावं होती आणि एकही उघडत नव्हती. सगळ्या पोकळ. कार्डही रिकामं.

करुणा एकेक फाईल पुन्हा उघडून बघत राहिली. मी लाईटला दोष दिला, जुन्या कॉम्प्युटरला दिला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "लिहिणाऱ्यानं अपमान केला म्याडम, पण लिहिलं तरी. तुमी तं पुसूनच टाकलं."

याच्याइतकं जिव्हारी लागेल असं मला कोणी कधी बोललेलं नाही. आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

कार्ड बिघडलं का बघावं म्हणून मी ते कॅमेऱ्यात घालून एक फोटो काढायला निघाले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. फळा पुसला तरी खडूचा माग राहतो, पण वरून लिहिलं की तोही जातो, हे त्यांना तीस वर्षं फळे पुसून माहीत होतं. कार्ड त्यांनी कागदात गुंडाळून खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं मालेगावला गेलो. तिथल्या दुकानदारानं सांगितलं, फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखं होईल. "आमाले नवं कायले पायजे?" असं म्हणून बाबांनी त्याच्या हातातून कार्ड काढून घेतलं आणि आम्ही पुढची वाशीमची बस धरली.

वाशीमच्या एका फोटो स्टुडिओवाल्या बाईंनी आम्हाला वाचवलं. त्यांनी आधी कार्डावर काही नवीन काढलं का विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग बसा, बहुतेक सापडतील. पुसलेले फोटो वरून काही भरेपर्यंत कार्डावर पडूनच असतात, ते शोधणारा प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता. चार तास लागले. फोटो आले ते क्रम सोडून. काही अर्धे, खाली नुसता राखाडी पट्टा. बाबा स्क्रीनला नाक लावून अक्षरावरून पानं ओळखत होते. करुणाच्या पणजोबाचं पान आलं. आणि शेवटाकडे मी पार विसरलेला एक फोटो आला. कार्यालयाच्या टेबलावर आमचं रजिस्टर, आणि शेजारी ते मिळाल्याच्या, कार्यालयातच राहिलेल्या पत्रावर सही करणारा बाबू.

तो फोटो घेऊन आम्ही लगेच पुढच्या दिवशी तालुक्याच्या त्याच कार्यालयात गेलो. नुसती नोंद दाखवली असती तर मूळ पुस्तक आणा म्हणून परत पाठवलं असतं. पण स्वतःची सही बघून त्या माणसाचा चेहरा उतरला. बाबा खुर्चीत बसले आणि त्यांनी सांगितलं, की पुस्तक निघेपर्यंत मी उठत नाही. दुपारनंतर ते निघालं, एका कपाटामागून, निम्म्याहून जास्त वाळवीनं खाल्लेलं. करुणाचं पान शाबूत होतं. फोटोशी ताडून पाहिलं, नक्कल मिळाली, तिचा प्रवेश टिकला. ती आता अकोल्याला नर्स आहे. त्या बाबूला कोणी साधं विचारलंही नाही. त्याची पुढे बढती झाली.

परत येताना बसमध्ये मी बाबांची माफी मागितली. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माही माफी कायले मांगता? ज्यायचं गेलं त्यायची मांगा."

एकोणीस पानं फोटोतही आली नव्हती आणि रजिस्टरातही उरली नव्हती. त्या पानांवर कोणाकोणाची नावं होती ते बाबांनी आठवून मला लिहून घ्यायला लावलं. मग दर रविवारी आम्ही त्यांच्या वारसांच्या घरी जाऊ लागलो. तुमच्या माणसाची नोंद गेली, कशी गेली, आता दुसरा पुरावा आत्ताच शोधून ठेवा, हे मी माझ्या तोंडानं सांगायचं, असा त्यांचा दंडक. ते शेजारी उभे राहत. मी लाईटचं नाव काढलं की खाकरत.

ती फेरी पुरी व्हायच्या आत बाबा गेले. निवृत्तीनंतर मुलीकडे मंगरूळपीरला राहत होते, तिथेच झोपेत गेले. पाच घरं उरली होती. ती मी एकटी फिरले. चार घरांत मला चहा मिळाला. म्याडम एवढ्या दूर आल्या, म्हणून उलट माझंच कौतुक झालं. पाचव्या घरचा माणूस अंगणात दोर वळत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं, दोर खाली टाकला आणि चिडला. तुमाले कोणी सांगितलं होतं आमचा बाप असा हाताळायले, असं त्यानं विचारलं, आणि पुढे बरंच काही बोलला. शेजारचे गोळा झाले, कोणीतरी त्याला आवरायला लागलं. मी त्यांना म्हटलं, बोलू द्या त्यांना. आणि त्याचं संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.