मामांच्या पोटाची कचेरी

साऱ्या बंगळूर शहरात जेवणाचा सर्वांत जास्त विचार कोणी केला असेल, तर तो माझ्या बायकोच्या मामांनी, आणि तोही न जेवता. आचारी, हॉटेलवाले, पंगतीत पहिल्यांदा बसून शेवटी उठणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. पण ते खाऊन झाल्यावर निदान दुसऱ्या विषयाकडे वळतात. मामा दिवसातले अठरा तास उपाशी असत आणि त्या अठराही तासांत अन्नाविषयीच बोलत. उपासाने माणसाचं भलं होतं की नाही, हा प्रश्न मला त्यांच्यामुळे पडला आणि त्यांच्यामुळेच तो आजपर्यंत सुटलेला नाही.

राज्यांची नवी आखणी होऊन आमचं निपाणी म्हैसूर राज्यात गेलं आणि त्याच्या पाठोपाठ मीही नोकरीसाठी बंगळूरला गेलो. कारखान्यात फिटर म्हणून लागलो, मल्लेश्वरमला दोन खोल्या घेतल्या, आणि बायकोच्या आग्रहावरून पहिल्याच रविवारी आम्ही मामांना भेटायला निघालो. मामांचं घराणं पिढीजात शिंप्यांचं. त्यांचे पूर्वज बंगळुरात कधी आले हे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं, पण तेव्हापासून चिकपेठेत दुकान आणि दुकानाच्या मागे घर, हे काही बदललेलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. मी वाकून नमस्कार केला, तर मामांनी माझ्या तोंडाकडे न बघता कमरेकडे पाहिलं आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात "तेहतीस" म्हणाले. मग जरा नाराजीने म्हणाले, "बसा, जावईबुवा. तुम्ही जेवा. माझी कचेरी बंद झाली." कसली कचेरी, हे मला कळेना. त्या घरात मला काही न कळण्याची ती सुरुवात होती.

कचेरी म्हणजे मामांचं पोट. ते सकाळी अकराला उघडे आणि संध्याकाळी पाचला बंद होई. त्यांचं एक म्हातारं गिऱ्हाईक होतं, ज्याच्या कमरेचं माप मामांच्या वडिलांच्या काळापासून अर्ध्या बोटानेही हललं नव्हतं. मामांनी एकदा न राहवून त्याला कारण विचारलं. तो म्हणाला, मी उन्हाच्या वेळातच जेवतो, अंधारात नाही. झालं. त्या दिवसापासून मामांनी अकराला पोटभर जेवण आणि साडेचारला वाटीभर उप्पिट नि दोन केळी, एवढ्यावर आपला कारभार आणला. "सरकारी माणूस चोवीस तास काम करतो का? नाही ना? मग पोटाने काय पाप केलं?" असं ते विचारत.

उपासाचे फायदे सांगायला ते कुठेही सुरुवात करत. बंगळुरात भेटल्यावर 'ऊटा आयता?' म्हणजे जेवण झालं का, असं विचारायची पद्धत आहे. ती आपल्याकडच्या रामरामासारखी. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. मामा मात्र उत्तर देत. का झालं नाही, कधी होणार आहे, ते झालं नाही म्हणून गुडघे कसे दुखत नाहीत, सुईत दोरा पहिल्याच खेपेला कसा जातो, आणि कोपऱ्यावरचा कुत्रा हल्ली आपल्यावर का भुंकत नाही, हे सगळं सांगून होईपर्यंत विचारणाऱ्याची बस निघून गेलेली असे. कुत्र्याचा आणि उपासाचा संबंध मी एकदा विचारला. "जड पावलांच्या माणसावर कुत्रं भुंकतं," मामा म्हणाले. मी जड पावलांचा असावा, कारण तो कुत्रा माझ्यावर भुंकत असे.

या शास्त्राचा खरा त्रास झाला तो गिऱ्हाइकांना. पँटचं माप द्यायला कोणी दुपारी आला, तर मामा टेप गळ्यातच ठेवत. "आत्ता नको. भरल्या पोटाचं माप खोटं असतं. उद्या सकाळी काही न खाता या." माणूस बिचारा तसा येई, पँट तशी शिवली जाई, आणि ती जेवणापूर्वी अंगाला इतकी सुरेख बसे की लोक चौकशी करत. जेवणानंतर मात्र वरचं बटण काढावं लागे. निम्म्या चिकपेठेतले व्यापारी दुपारी गादीवर टेकताना बटण सैल करत आणि मामांची आठवण काढत. पण शिलाई अशी होती की दुसऱ्या शिंप्याकडे जायची कोणाची छाती नव्हती. कित्येकांनी शेवटी जेवणच कमी केलं, आणि मामांनी तेही उपासाच्या फायद्यांत धरलं.

कुठेही जाताना त्यांच्या कापडी पिशवीत कचेरी उघडायचा नि बंद व्हायचा गजर देणारं घड्याळ असे. एकदा त्यांच्याबरोबर एका छत्रात, म्हणजे इथल्या मंगल कार्यालयात, लग्नाला गेलो. मुहूर्त लांबला, पंगत लांबली, आणि पानात ओब्बट्टू, म्हणजे इथली पुरणपोळी, पडायला आणि पिशवीत गजर वाजायला एकच गाठ पडली. वाढप्याला वाटलं, कुठे आगबिगीची सूचना असेल. तो तूप घेऊन थांबला. मामा पानाला नमस्कार करून उठले. उठले ते उठले, पण माझ्या मागे उभे राहून "तुपात बुडवा. आता कडेचा तुकडा घ्या. जाळीदार आहे ना?" असं मला विचारत राहिले. माझी आणि त्यांची, अशा दोन ओब्बट्टू मी खाल्ल्या. नक्की जेवलं कोण, याचा मला घरी येईपर्यंत उलगडा होईना.

आठ दिवस मीही त्यांच्या पद्धतीने वागून पाहिलं. माझ्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे माझी कचेरी उघडायच्या वेळी मी यंत्रापाशी असे आणि भोंगा होऊन बाहेर येईपर्यंत ती बंद झालेली असे. त्यात एकादशी आली. आमच्या निपाणीच्या हिशेबाने उपासाला साबुदाणा चालतो आणि रवा चालत नाही. शेजारच्या कन्नड घरात फलाहार म्हणून उप्पिट दिलं. त्यांच्याकडे भात तेवढा वर्ज्य. त्यांच्या पलीकडच्या घरात पाणीसुद्धा पीत नव्हते. मी दोन्ही घरांचा मान ठेवून साबुदाणाही खाल्ला आणि उप्पिटही खाल्लं, आणि रोजच्यापेक्षा जड होऊन झोपलो. मामांना सांगितलं, तर म्हणाले, "स्वल्प चुकलं तुमचं. काय खाल्लं ते नाही, कधी खाल्लं ते बघायचं." मी तो नाद सोडून दिला.

आणि मामी? मामींविषयी मी इतका वेळ काहीच लिहिलं नाही, आणि हीच आमची सगळ्यांची चूक होती. मामी गोऱ्या, ठेंगण्या, भरलेल्या अंगाच्या. निदान मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा. बोलणं कमी. रविवारी आम्ही गेलो की अकराला मी आणि मामा आधी बसायचो, मग मामी आणि माझी बायको. दोघींच्या गप्पा आणि हसणं मला दुकानात ऐकू येई. आठवड्याच्या आठवड्याला पाहणाऱ्याला समोरचं माणूस वाळत चाललंय हे दिसत नाही. रोज पाहणाऱ्याला तर नाहीच.

दरवर्षी गौरीच्या सणाला मामा स्वतःच्या हाताने मामींना एक पोलकं शिवत. त्याला माप घ्यायची गरज कधीच नव्हती. तो आकडा त्यांच्या बोटांत होता. त्या वर्षी सण नेमका आमच्यासमोर झाला. मामी नवं पोलकं घालून मामांच्या पाया पडायला बाहेर आल्या. बाही दंडाभोवती लोंबत होती. माझी बायको हसून म्हणाली, "मामा, हे कोणाचं शिवलंत?"

मामांना राग आला. त्यांच्या हातून माप चुकणं म्हणजे काय, हे तिला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं. त्यांनी ट्रंकेतून तीन वर्षांपूर्वीचं एक पोलकं काढलं, नव्या पोलक्याचं कापलेलं कागदी माप आणलं, एकावर एक ठेवलं. सुताचा फरक नव्हता. मग टेप खेचली गेली असेल म्हणून ती लोखंडी गजावर लावून पाहिली. टेप बरोबर होती. मग त्यांनी कापडाला दोष दिला, कापडाच्या गिरणीला दिला. मी मध्येच पाण्यात कापड आटण्याविषयी काहीतरी बोललो, ते कोणीच ऐकलं नाही. मामी म्हणाल्या, "असू दे की. मी आत घेते. मागची दोन घेतलीच की मी."

मामांचे हात थांबले. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि मामींच्या दंडाभोवती धरली. गिऱ्हाइकाचा आकडा सगळ्या दुकानाला ऐकवायची त्यांची सवय. तो आकडा त्यांनी उच्चारला नाही.

"तू कधी जेवतेस?" त्यांनी विचारलं.

"तुमचं झालं की."

"सकाळी?"

"तुम्ही सकाळी खात नाही. मग मी आधी कसं खाऊ?"

"साडेचारला?"

"ते वाटीभर तुमच्यापुरतंच करायला सांगितलं होतं ना."

"आणि संध्याकाळी?"

"एकटीसाठी काय चूल पेटवायची?" मामी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार अशी नव्हतीच. "अकराला जेवते की मी. सोमवार आणि एकादशी सोडून."

त्या दिवशी मामांची कचेरी उघडली नाही. गजर वाजला, तो माझ्या बायकोने बंद केला. मामी पोलकं आत घ्यायला सुई-दोरा घेऊन बसल्या, तेव्हा मामांनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "पोलकं चुकलेलं नाही," ते म्हणाले. "त्याला हात लावायचा नाही."

पुढच्या रविवारी गेलो तर सगळंच उलटं झालेलं. घड्याळ आठला वाजलं, अकराला वाजलं, दोनला, पाचला, पुन्हा दिवेलागणीला. प्रत्येक वेळी मामा पाटावर. मी चक्रावून विचारलं, "मामा, उपास सोडलात?"

"सोडला? वाढवला," मामा म्हणाले. "पूर्वी दिवसातून एक उपास करत होतो. आता पाच करतो. दोन खाण्यांच्या मध्ये जो वेळ असतो, तो उपासच ना?"

मी पुष्कळ विचार केला. त्यात चूक कुठे आहे ते मला सापडलं नाही.

पण मामी आधी खाणार नव्हत्या. बरोबर बसायलाही तयार नव्हत्या. आयुष्यभर बसल्या नव्हत्या. तेव्हा मामांनी जाहीर केलं की आपल्या जिभेची चव गेली. "मीठ कळत नाही. तू आधी बघ." मामी चमचाभर बघत. "एवढ्याने काय कळणार? भाताबरोबर बघ. आणखी एक घास बघ. भाजीचं मीठ वेगळं, कोशिंबिरीचं वेगळं." असं करता करता मामींचं अर्धं जेवण मामांच्या आधी होऊन जाई. हे घरात ठेवून भागलं असतं; पण मामींच्या कानावर बाहेरूनही यावं म्हणून त्यांनी ते चिकपेठभर सांगितलं. जेवण झालं का विचारणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, की उपासाने माझी जीभ मेली, तुम्ही असलं काही करू नका. ज्यांची बटणं इतकी वर्षं सैल होत होती ते लोक मनसोक्त हसले. मामा त्यांच्याबरोबर हसले. आयुष्यभर मिरवलेलं शास्त्र त्यांनी असं भर बाजारात मोडून टाकलं, आणि मला तेव्हा वाटलं, म्हातारा खरोखरच भ्रमिष्ट झाला.

पुढच्या गौरीला मामींनी तेच पोलकं घातलं. बाही दंडाला बेताची बसली होती. मामा बराच वेळ शिवणीकडे पाहत होते आणि आम्ही त्यांच्याकडे.

मामा गेले त्याला वर्ष झाल्यावर एका रविवारी मी एकटाच मामींकडे गेलो. दुकान भाड्याने दिलेलं होतं. मागचं घर तसंच होतं. मामी स्वयंपाक करत होत्या. बोलता बोलता मी विचारलं, "मामी, मामांची चव खरंच गेली होती का हो?"

मामी चुलीकडे बघत म्हणाल्या, "एकदा मी आमटीत मुद्दाम मीठ घातलं नाही. मी चाखली आणि सरी, बरोबर आहे, असं म्हणाले. यांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मग सगळा भात जेवले, आणि म्हणाले, आज आमटी छान झालीय."

"मग तुम्हाला कळलंच होतं. तरी पुढे चाखत राहिलात?"

"त्यांना बरं वाटायचं," मामी म्हणाल्या.

त्यांनी माझं पान मांडलं, भात वाढला, आमटी वाढली. मग स्वतःसाठी वाटीत थोडी घेतली, उभ्याउभ्याच दोन घास भाताबरोबर खाल्ले, आणि भिंतीशी उभा करून ठेवलेल्या मामांच्या पाटाकडे बघून हळूच म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे."

आमटीत मीठ नव्हतं. विसरल्या होत्या, की आणखी काही होतं, ते मला कळलं नाही. मी सगळा भात जेवलो आणि म्हणालो, आज आमटी छान झाली आहे.