सुमन छान बोलली होती

गेल्या शनिवारी दिल्लीत द्वारकाला, मुलींना इंटरव्ह्यूसाठी इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या सेंटरवर मी एका मुलीला इंग्रजी बोलूच दिलं नाही. नेहा तिचं नाव. इंटरव्ह्यूची तयारी करून, केस घट्ट बांधून आली होती... "मॅम, मेरा इंट्रो सुन लीजिए ना." मी म्हटलं, आधी बाहेर बसलेल्या मम्मीला आत बोलाव.

तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, काहीतरी चुकलं. तिचं काही चुकलं नव्हतं, मला सुमन आठवली होती.

आम्ही दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून गुडगावला राहायला गेलो तेव्हाची गोष्ट. ह्यांना मल्टिनॅशनलमध्ये नोकरी लागली होती. बाल्कनीतून एका बाजूला अर्धवट टॉवर, दुसऱ्या बाजूला सरसोंची पिवळी शेतं... आणि लाइट गेले की जनरेटरची घरघर.

रस्त्यापलीकडच्या गावातल्या मुलींसाठी आम्ही काही जणींनी शनिवारचा वर्ग सुरू केला. एकीने एक मुलगी घ्यायची आणि तिची शाळा संपेपर्यंत तिला सोडायचं नाही, असं ठरलं. माझ्याकडे आली सुमन, नववीतली, भलतीच बोलकी. "आंटी, आपकी हिंदी सुनके मेरी दादी बहुत हँसती है," हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

तिच्या वडिलांची, चौधरीजींची, जमीन नुकतीच बिल्डरने घेतली होती. दारात नवी कोरी गाडी आणि गाडीला खेटून म्हैस. मला वाटलं, चला, आता पैशासाठी तरी हिचं शिक्षण अडणार नाही... पण झालं उलटंच. चौधरीजी म्हणाले, "इब छोरी नै नौकरी की के जरूरत सै?" घरात पैसा आला, आता मुलीला नोकरी कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मी हट्टच धरला. निदान बारावी होईपर्यंत तिचं लग्न लावू नका म्हटलं. त्यांनी हुक्का बाजूला सारला. "जबान दी, मैडम जी."

मग आम्ही दोघी कामाला लागलो. माझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी मला जसं शिकवलं तसंच मी तिला शिकवलं... पाठ ताठ, नजर समोर, शेवटच्या बाकावरच्या मुलीला ऐकू गेलं पाहिजे. कधी कुठे इंटरव्ह्यू द्यावा लागला तर, म्हणून तिच्याकडून इंग्रजीत स्वतःची ओळख घोटून घेतली.

त्यातला शेवट मात्र तिचा स्वतःचा होता. मला दिल्लीच्या कॉलेजात शिकायचंय, आणि माझ्या वडिलांच्या शेतावर जी बिल्डिंग उभी राहतेय, तिच्यात एक दिवस मला नोकरी करायचीय... हे म्हणताना तिचे डोळे असे काही चमकायचे की मी उच्चार सुधारायचे विसरून जायची.

बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. एका सकाळी चौधरीजी लाडूंचा डबा घेऊन आमच्या दारात. मागे सुमन, डोक्यावरून ओढणी घेतलेली. असं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"मैडम जी, थारी अंग्रेजी नै छोरी का रिश्ता करवा दिया." माझ्या इंग्रजीने म्हणे मुलीचं लग्न जमवलं होतं.

मुलाकडची वडीलधारी मंडळी बघायला आली होती. मुलगी इंग्रजी बोलते का, त्यांनी विचारलं. सुमन उठून उभी राहिली आणि तिने घोटलेली ओळख सगळी म्हणून दाखवली. "एक बार भी ना अटकी," चौधरीजी लाडूंचा डबा उघडत म्हणाले.

"आखिर तक बोली?" मी विचारलं.

"आखिर तक."

म्हणजे तिने सांगितलं होतं. भरल्या बैठकीत, पाठ ताठ ठेवून, कॉलेजला जायचंय, नोकरी करायचीय, असं स्पष्ट सांगितलं होतं. आणि इंग्रजी कोणालाच येत नसल्यामुळे सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या होत्या.

मी माझ्या मोडक्या हिंदीत त्यांना त्या वाक्यांचा अर्थ सांगितला. ते शांतपणे ऐकत राहिले. मग हसले... चिडून नाही, अगदी मायेने. "वो तो पाठ सै, मैडम जी। पाठ में तो बच्चे कुछ भी बोल दें।"

पाठ करून मीच घेतलं होतं ना... हेच घरच्या बोलीत, वडिलांसमोर बसून कसं सांगायचं, याची तयारी आम्ही एकाही शनिवारी केली नव्हती.

लग्नाची तारीख शेवटच्या पेपरनंतरची होती. चौधरीजींनी शब्द पाळला होता. मी मागितलंच तेवढं होतं.

निघताना सुमन दारात थांबली. "आंटी, ठीक बोली ना मैं?"

"बहुत अच्छा बोली," मी म्हटलं.

तिचं सासर लांबचं. पुढे आमचीही बदली झाली, बऱ्याच वर्षांनी दिल्लीला परतलो, पण ती परत भेटली नाही. त्या शेतावर आज काचेची बिल्डिंग आहे. कॅबने तिकडून जाताना मी उगीचच मजले बघत राहते... कुठल्या मजल्यावर बसली असती, कोण जाणे.

तर, नेहा. तिची मम्मी आत आली, खुर्चीच्या कडेवर बसली. मी म्हटलं, इंट्रो नंतर. तुला काय करायचंय ते आधी मम्मीला सांग, हिंदीत.

नखांकडे बघत नेहा हळूच म्हणाली, "मम्मी, मुझे बी.एड. नहीं करना. होटल में काम करना है... रात की शिफ्ट भी होगी."

मम्मी एकदम, "और रात को घर कौन लाएगा तुझे? तेरा होटल?"

"कंपनी की कैब आती है, मम्मी."

"अच्छा, और कैबवाला कौन है, वो पता है तुझे?"

झालं, जुंपली दोघींची. इंट्रो राहूनच गेला. मी मध्ये पडले नाही, तिघींसाठी चहा सांगितला आणि ऐकत बसले.

सुमनशी तिचे वडील एकदा तरी असे भांडले असते तर...