ऑनलाइन साहेबांचा वानोळा

आमच्या सासूबाई कोणाकडे रिकाम्या हाताने गेल्या, असं भुईगावात कुणी सांगितलं तर लोक त्यालाच वेड्यात काढतील. वाडीत जे तयार होईल त्याचा आधी वानोळा निघतो, उरलेलं मग बाजारात जातं. डॉक्टर, शाळेतल्या बाई, वायरमन, सगळ्यांच्या घरी आमची केळी पोचलेली आहेत. मी तुळिंजच्या इमारतीत वाढलेली. आमच्याकडे शेजारणीला वाटीभर साखर देतानाही दार अर्धंच उघडायचं. त्यामुळे लग्नानंतर मला हे सगळं जरा अतीच वाटायचं.

मुलगी झाली तेव्हा मी नोकरी सोडली. ती बालवाडीत जायला लागल्यावर पुन्हा शोधू लागले. अर्ज करून करून बोटं दुखली, पण उत्तर कुठूनच येईना. आपण आता कोणाच्या कामाच्या उरलो नाही, असं हळूहळू मनाने घेतलं. अशात एका कंपनीचा मेसेज आला. घरबसल्या काम, चांगला पगार. मुलाखत चॅटवरच झाली. तिथल्या मॅडमने माझं इतकं कौतुक केलं की मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले. गोल शिक्क्याचं नेमणूकपत्रही आलं. लॅपटॉपसाठी अनामत तेवढी भरायची होती, शुक्रवारी दुपारच्या आत. जुन्या पगारातले जपून ठेवलेले पैसे होते माझ्याकडे, तेच भरायचं ठरवलं.

पत्र मी आईंना वाचून दाखवलं. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांचे डोळे भरून आले आणि लगेच त्यांनी विचारलं, "साहेब केली खातात ना?"

"आई, हे ऑनलाइन असतं. तिथे कोणी केळी नेत नाही. माझं हसं कराल."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांच्या 'बरं'चा अर्थ मला एव्हाना कळायला हवा होता.

शुक्रवारी सकाळी त्या 'जरा जाऊन येते' म्हणून बाहेर पडल्या. पत्रावरचा पत्ता त्यांनी माझ्या नवऱ्याकडून गुपचूप लिहून घेतला होता. वसई पूर्वेला कारखान्यांच्या वसाहतीतला एक गाळा. इकडे मी पैसे पाठवायला फोन हातात घेतला, तोच त्यांचा फोन आला.

"गे पोरी, तुजं हापिस काय सापडत नाय. या गाल्यात पुठ्ठ्याची खोकी बनवतात. आजूबाजूला पन विचारलं, अशी कंपनी कोनाला ठाव नाय. मीच चुकले असेन. तुज्या मॅडमला विचार, मागच्या दारानं येऊ काय?"

बिचाऱ्या अजून स्वतःचीच चूक शोधत होत्या. मी मात्र पैसे पाठवायचं तिथेच थांबवलं. मी मॅडमला फोन लावला.

"माझ्या सासूबाई तुमच्या दारात उभ्या आहेत, केळी घेऊन."

पलीकडून आवाज आला, "आधी अनामत भरा."

"आधी दार उघडा!" मी ओरडले.

फोन कटला तो कटलाच.

पैसे वाचले म्हणून खूश व्हायचं, तर मी हमसून हमसून रडले. त्या बाईने केलेलं कौतुक मी खरं धरून चालले होते, त्याचंच रडू येत होतं. वाडीतून धावत आलेल्या नवऱ्याने पोलिसांच्या सायबर हेल्पलाइनला फोन लावला.

तासाभराने आई परतल्या, घामाघूम, हातात केळ्यांची पिशवी. नवऱ्याने सगळं सांगितल्यावर त्यांनी त्या कंपनीचा असा उद्धार केला की शेजारच्या वाडीतली माणसं कुंपणापर्यंत आली. पण त्या काही आत येईनात. एकदा काढलेला वानोळा पुन्हा घरात न्यायचा नाही, हा त्यांचा नेम. अंगणातूनच त्यांनी मला हाक मारली.

मी डोळे पुसत बाहेर गेले. त्यांनी पिशवीतून वेलची केळ्यांच्या दोन फण्या काढल्या. ओटी भरायला उभ्या राहतात तशा माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ओढनी पसर."

"मला कशाला, आई? नोकरीच खोटी निघाली."

"नोकरी खोटी निघाली गे. तू कुटं खोटी निघालीस?"

मी ओढणी पसरली.