आबांनी शिकवलेला कारभार

मी नववीत होते त्या वर्षी आबा मला कारभार शिकवायला लागले. आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. सातपूरला कारखान्यांतल्या कामगारांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढली होती आणि पहिल्या दिवसापासून संस्थेचे अध्यक्ष तेच होते. माझे वडील मी लहान असतानाच गेले. काका संस्थेचे सचिव होते, पण आबांचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. "तो लोकांना आवडायला बघतो," एवढंच ते म्हणायचे. त्यांच्या लेखी यापेक्षा मोठा दोष नव्हता.

शिकवणी टीव्हीसमोर चालायची. संध्याकाळी आठ वाजता एक परदेशी मालिका लागायची, हिंदीत डब केलेली. त्यात एक म्हातारा राजा होता. त्याचा मुलगा लढाईत मेलेला, आणि बारा-तेरा वर्षांच्या नातवाला तो राज्य करायला शिकवत असे. सरहद्दीवर आगीची नदी, आकाशात पंखवाले घोडे, आणि राजवाड्यात बोलके आरसे. दिवसभरात महालात कोण काय बोललं ते आरसे रात्री राजाला सांगत. मला घोडे आवडायचे. आबांना घोड्यांचं काही पडलेलं नव्हतं. राजा नातवाला प्रश्न विचारायचा तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून बसत, आणि जाहिरात लागली की आवाज बंद करून मला विचारत, "बोल. तू काय केलं असतंस?"

मी उत्तर द्यायचे. ते कधी चूक-बरोबर म्हणायचे नाहीत, नुसते ऐकायचे. स्वयंपाकघरातून आई एकदा म्हणाली, "आबा, तिचा गणिताचा अभ्यास राहिलाय." आबा म्हणाले, "हाही अभ्यासच चाललाय." त्या घरात आबांना दुसऱ्यांदा कुणी काही म्हणत नसे.

एका भागात आरशाने राजाला सांगितलं की सेनापती तुमच्यावर हसला. जाहिरात लागल्यावर आबा म्हणाले, "आपल्याकडे आरसे नाहीत. आपल्याकडे माणसं लागतात." मग जरा वेळाने, "तू दिवसभर शाळेत असतेस. तुझ्यासमोर मास्तर लोक मोकळं बोलतात का?"

मी म्हणाले, "कधी कधी."

"काय बोलतात?"

सांगायला लागले. त्यात काही वाईट आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. खरं तर फार छान वाटलं. चौदा वर्षांच्या मुलीचं बोलणं कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद ठेवून ऐकतंय, हे सुख काय असतं ते ज्यांना मिळालंय त्यांनाच कळेल. कोणत्या बाई उशिरा येतात, कोणते सर दुसरीकडे अर्ज करतायत, सगळं सांगितलं. आबा लिहून घेत नसत. त्यांच्या लक्षात राहायचं.

शाळेत एक शिपाईमामा होते. हरसूलकडचे. आठवडाभर शाळेच्या मागच्या खोलीत राहायचे आणि सुट्टीला त्र्यंबकच्या रस्त्याने एसटीने गावी जायचे. पहिलीत असताना रडत आले की मला हाताला धरून वर्गापर्यंत तेच सोडायचे. मला 'ताई' म्हणत, तेव्हापासून.

त्या वर्षी मागच्या जिन्यावरच्या गॅलरीला भेग पडली होती. वरच्या मजल्यावरून मुलं मधल्या सुट्टीत त्या जिन्याने उतरत. उन्हाळ्यात आबांनी ती भेग बुजवून वरून पिवळा रंग दिला. पावसाळा लागल्यावर रंगातून ती पुन्हा दिसायला लागली, आधी केसासारखी, मग बोटभर. नीट दुरुस्ती करायची तर वरचा मजला बंद ठेवावा लागला असता. हे ऐन प्रवेशाच्या दिवसांत, आणि शेजारी नवी इंग्रजी शाळा उघडलेली. "भेग दिसली की लोक बोट घालून बघतात," आबा म्हणाले, "आपणच दाखवायला जायचं नाही."

मामांनी मात्र मोडक्या बाकांचा ढीग करून जिन्याचं तोंड अडवलं. कुणी सांगितलं नव्हतं. मुलं बाकांवरून उड्या मारू लागली तसे ते स्वतः मधल्या सुट्टीत तिथे उभे राहायला लागले. "ताई, तुमी बी पुढच्या जिन्यानीच जायचं," मला म्हणाले. "ह्याचा काय भरवसा नाय."

ऑगस्टमध्ये एका शनिवारी मी विसरलेली कंपासपेटी आणायला परत गेले. शाळा सुटून तास झाला होता. प्रयोगशाळेचं दार लोटलेलं होतं आणि आत सहा-सात शिक्षक बसले होते. बाहेर किल्ली हातात घेऊन मामा उभे होते. एक बाई वाचून दाखवत होत्या. गॅलरीबद्दल शिक्षण खात्याला पाठवायचं पत्र होतं. मला बघून मामा दचकले. मग नेहमीसारखंच म्हणाले, "काय राहिलं, ताई?" आणि वर्गाचं कुलूप काढून दिलं.

त्याच संध्याकाळी मी आबांना सांगितलं. मालिका चालू होती. त्यांनी जाहिरातीची वाटही पाहिली नाही, तिथेच आवाज बंद केला.

"किती जण होते?"

"सहा. नाहीतर सात."

"सात जणांना काढलं तर शाळा बंद पडेल," ते म्हणाले. "मग काय करायचं?"

मी विचार केला. मला ते कोड्यासारखं वाटत होतं, आणि कोडी मला चांगली सुटायची. मी म्हणाले, "किल्ली ज्याच्याकडे होती त्याला काढायचं. बाकीचे आपोआप गप्प बसतील."

आबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हात पुढे करून माझ्या डोक्यावर ठेवला. ते असं कधी करत नसत. टीव्हीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

बुधवारी मामा दिसले नाहीत. मागच्या खोलीला कुलूप होतं. संस्थेची मालमत्ता परवानगीशिवाय वापरायला दिली, असं कारण ऑफिसात सांगत होते. शिक्षक खरोखरच गप्प झाले. पत्र गेलं नाही. वर्गात माझ्याशी सगळे फार गोड बोलायला लागले आणि मी आले की बाईंच्या गप्पा थांबायच्या. मी आईला सांगितलं की मला बरं वाटत नाहीये. आईने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

नवा शिपाई आला. त्याला कुणी काही सांगितलं नसावं. गणपतीच्या आधी शाळा झाडायला काढली तेव्हा त्याने ती बाकं उचलून भंगारात टाकली. मी ते पाहिलं. मला जिना मोकळा दिसत होता, वरची भेग दिसत होती आणि तिच्याखालून उतरणारी मुलं दिसत होती. आबांना सांगायला हवं असं मनात आलं. पण ते विचारतील, "मग काय करायचं?" आणि आता मला उत्तर द्यायची भीती वाटत होती. म्हणून मी पुढच्या जिन्याने जात राहिले, आणि रोज घरी येऊन मालिका बघत राहिले.

सप्टेंबरच्या शेवटी, मधली सुट्टी संपता संपता, गॅलरीचा कठडा खाली आला. आवाज एवढा मोठा नव्हता. कुणी पोतं टाकावं तसा. सहावीतली एक मुलगी खाली होती. तिचे वडील आमच्याच शाळेमागच्या कारखान्यात कामाला, तेच सर्वांत आधी पळत आले. मुलगी वाचली. डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

तीन दिवसांनी खात्याचे अधिकारी आले. आबांच्या केबिनमध्ये मुख्याध्यापक, काका आणि ते अधिकारी बसले होते. मला वर्गातून बोलावणं आलं. आबांचा आवाज अगदी शांत होता.

"ही माझी नात. इथेच शिकते. तो जिना आम्ही बाकं लावून बंद केला होता. जुन्या शिपायाने जाता जाता रागाने ती बाकं काढून टाकली." मग माझ्याकडे वळून, "तू पाहिलंस ना त्याला?"

अधिकारी माझ्याकडे बघत होते. काका टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. आबांच्या चेहऱ्यावर धमकी नव्हती. ते फक्त थांबले होते, जाहिरातीच्या वेळी थांबायचे तसे.

मी म्हणाले, "हो."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मला जायला सांगितलं. दाराशी आबांनी हळूच म्हटलं, "आता तू तयार झालीस."

मामांवर केस झाली. कोर्टात ती टिकली नाही, पण हरसूलला पोलीस दोनदा जाऊन आले आणि सगळ्या गावाने ते पाहिलं. त्यानंतर कुठल्याच शाळेने त्यांना कामावर घेतलं नाही. हे मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. दहावीनंतर मी हट्टाने बाहेर शिकायला गेले. डी.एड. केलं, नांदगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. आबा दर सुट्टीत विचारायचे, "परत कधी येतेस? खुर्ची किती दिवस रिकामी ठेवायची?" मी काहीतरी कारण सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या शाळेत स्लॅबचा पोपडा पडला. कुणाला लागलं नाही. एवढासा पोपडा, तळहाताएवढा. पण मी वर्गातल्या मुलांना बाहेर काढलं आणि पटांगणात उभी राहून त्यांना पुन्हा पुन्हा मोजत राहिले. पुढच्या रविवारी मी हरसूलला गेले.

मामांचं घर सापडायला वेळ लागला नाही. ते अंगणात सुपात नागलीचे दाणे पाखडत होते. केस पूर्ण पांढरे. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "ताई ना तुमी? बसा."

चहा आला. मी सगळं सांगितलं. शनिवारचं, टीव्हीसमोरचं, केबिनमधलं. ते सूप बाजूला ठेवून ऐकत होते. त्यांची बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली.

"मला वाटायचं साहेबांनी तुमाला दम दिला आसंल," मामा म्हणाले. "पोर काय करनार, आसं मी घरात सांगायचो."

"दम दिला नव्हता," मी म्हणाले.

"मंग सांगाया नको व्हतं हे." त्यांनी सूप परत उचललं. "आता मी घरात काय सांगू?"

मी क्षमा मागितली. त्यांनी मान हलवली, पण ती कशासाठी हलवली ते मला आजही सांगता येणार नाही. निघताना मी विचारलं, "मी काय करू, मामा?" ते म्हणाले, "लिहून द्या. तवा बोलून झालं, आता लिहून द्या."

मी लिहून दिलं. जे पाहिलं ते, जे सांगितलं ते, आणि जे खोटं बोलले ते. एक प्रत खात्याला, एक पोलीस ठाण्यात, एक त्या मुलीच्या वडिलांना. चौथी प्रत घेऊन मी स्वतः आबांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि नीट घडी घातली.

"अक्षर चांगलं आहे अजून," ते म्हणाले. मग, "मला वाटलं होतं तुझा काका करेल हे. त्याच्यावर लक्ष ठेवून होतो."

चौकशी पुन्हा उघडली. आबांनी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला, काका अध्यक्ष झाले. आठ महिन्यांनी मामांना एक पत्र गेलं, चार ओळींचं, की त्यांच्यावरचा ठपका मागे घेतला आहे. त्यांनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलंय असं ऐकते. मी परत तिकडे गेलेले नाही. त्या मुलीच्या वडिलांकडून काहीच उत्तर आलं नाही, आणि मी त्याची वाट पाहावी असं काही नाही.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आबा ओट्यावर उन्हात बसले होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आईला विचारलं, "ही कोण आलीय?"

आई मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस. वय झालंय, विसरतात आता."

मी हो म्हणाले. बाहेर दूधवाला आला होता, आणि आबा त्याला विचारत होते की थोरल्याला अकरावीला शास्त्र घेऊन दिलं की वाणिज्य, आणि धाकटीचा दमा आता कसा आहे.