कोंबड्यांत उडालेली बाटली

आमच्या त्र्यावना गावात अशी आवई उठली, की गिन्का मावशीनं सुनेच्या बाळाच्या बाटल्या कुऱ्हाडीनं तोडल्या. का, तर सुनेनं कामावर न जाता घरी बसून अंगावर पाजावं म्हणून!

कुऱ्हाड खरी, बाकी सगळं उलटं. बाटल्या गिन्कानंच दिलेल्या. भाचीच्या पोराच्या त्या बाटल्या तिनं पंधरा-सोळा वर्षं तळघरात लोणच्यांच्या बरण्यांमागे जपल्या होत्या. आमच्याकडे पाळण्यापासून झबल्यापर्यंत सगळं पुढच्या पोटुशीच्या घरी जातं. "काचेसारखी लख्ख, नि आपटली तरी फुटत नाही गं!" असं मिरवत तिनं त्या मिलेनाच्या, सुनेच्या, हाती ठेवल्या. मिलेना कामावर गेली की गिन्काच त्यात गरमागरम दूध ओतायची, ब्रशनं खसाखसा घासायची.

एकदा औषधाच्या दुकानातली बाई सहज म्हणाली, "जुनी? कडक? न फुटणारी? मावशी, बूड बघ. सातचा आकडा असला तर बहुतेक तेच प्लास्टिक, बाळांच्या बाटल्यांसाठी केव्हाच बंद झालेलं. चरे पडले, गरम ओतलं, की त्यातलं रसायन दुधात उतरतं."

बुडाला सात होता.

गिन्का बाळाला घेऊन तडक डॉक्टरांकडे धावली. नातू बोयान चार महिन्यांचा. डॉक्टर म्हणाले, "झालं ते मोजत बसू नका. आजपासून काच." पण ही दिवसभर त्याची जीभ बघ, डोळे बघ, लंगोट हुंग.

"आई, तो ठणठणीत आहे. तुम्हीच वाळत चाललात," मिलेना म्हणायची.

"माझ्या हातानं पाजलं गं मी!"

कचऱ्यातून उचलून कुणी पुढच्या पोटुशीला देऊ नये, म्हणून कुऱ्हाड. पहिल्या घावाला बाटली टुण्णकन कोंबड्यांत जाऊन पडली. शाबूत! शेवटी आडवी धरून चिरली.

आणि नव्या काचेच्या बाटलीला बोयान तोंड लावेना. दोन दिवस नुसतं 'प्फ्फ'. चमच्यानं कसंबसं पोटात जायचं. मिलेना रडकुंडीला आली. "एक जुनी ठेवायला हवी होती, आई."

"मी जिवंत असेपर्यंत नाही!" गिन्का म्हणाली.

शेजारून डोकावून मी बोयानचं 'प्फ्फ' हुबेहूब काढून दाखवलं. म्हटलं, "मावशी, त्यानं काच तोंडात धरली, तर तुझ्या पोतंभर भाजलेल्या भोपळी मिरच्या मी सोलीन."

ती हसली नाही. तिनं बाटली स्वतःच्या गालाला लावून पाहिली. मग पुटपुटली, "गार लागतेय गं त्याला." पेटीतून मुलाचा लहानपणचा लोकरी मोजा काढून तिनं बाटलीला चढवला, दुधाचा थेंब मनगटावर पाहिला आणि निपल बोयानच्या ओठांशी नेलं.

बाटली रिकामी झाली. मिरच्यांची सालं अजून माझ्या नखांत आहेत.