दुधाच्या मिशा

दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या ताईला सगळी पोरं ‘दातवाली मावशी’ म्हणत. खुर्चीत बसायच्या आधीच भोकाड पसरणाऱ्या पोराच्या गळ्यात ती कागदी लाळेरं बांधायची आणि त्यावर चार रेघांत एक दाढ काढायची. हातपाय फुटलेली, रुसलेली दाढ. खाली लिहायची, ‘मला कुणी घासतच नाही!’ पोर हसलं की डॉक्टरांचं काम सोपं व्हायचं.

बाबांची पंच्याहत्तरी आली तेव्हा दादाला हे आठवलं.

“बाबांनी आपल्याला काय काय शिकवलं, ते तुझ्या त्या गमतीदार चित्रांत काढ. मोठी करून हॉलमध्ये लावू. आणि ते दुधाचं विसरू नकोस हं! काय धमाल आली होती!”

‘दुधाचं’ म्हटल्याबरोबर ताईला सगळं आठवलं. धाकट्या बहिणीला लहानपणी साय बघवायची नाही. एके सकाळी बाबांनी तिला गार दुधाचा कप सायीसकट प्यायला लावला. तिला उलटी झाली, ती कपातच. बाबा म्हणाले, “अन्न टाकायचं नाही. संपव.” आणि तिची मान धरून त्यांनी ते संपवायला लावलं. आईने पाठ फिरवून नळ मोठा सोडला. दादा खो खो हसत होता.

तरी ताईने चित्र काढलं. दोन वेण्यांची, दुधाच्या मिशांची हसरी मुलगी, हातात कप. खाली ‘अन्न वाया घालवू नये.’ काढून झाल्यावर तिने दवाखान्यातल्या त्या उग्र वासाच्या साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. हात स्वच्छ झाल्यासारखे वाटेनात.

समारंभाला हॉल गच्च भरला होता. बाबा मधल्या खुर्चीत केक खात होते. हनुवटीवर क्रीम ओघळलेलं, बोटं चाटणं चाललेलं. ताईला त्यांच्याकडे बघवेना. धाकटी उशिरा आली आणि नेमकी त्याच चित्रासमोर थबकली. भोवती पाहुणे हसत होते.

“हीच ती दूधवाली!” दादा ओरडला.

“मग! शेवटी कप रिकामा केलाच की नाही?” बाबांनी तोंडातला घास न गिळताच विचारलं.

धाकटीने तोंडावर हात दाबला. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

आता मात्र ताईला राहवलं नाही. पाकिटांवर नावं टाकायला ठेवलेला जाड पेन टेबलावरून उचलून ती चित्रापाशी गेली. मुलीचं हसू तिने खोडलं. कपात काय होतं ते काढलं, तोंडातून लोंबणारा लाळेचा धागा काढला. मानेवर मोठा पंजा. पलीकडे नळाशी बाई, दात काढून हसणारा मुलगा. दात काढायला तर ती पटाईत होती.

हॉलमधलं हसू विरत गेलं. आत्याने हातातली बशी खाली ठेवली.

“हे काय चालवलंयस?” दादा धावत आला. “शी! किळसवाणं आहे हे!”

“होतंच,” ताई म्हणाली. “चित्र अर्धं राहिलं होतं. पुरं केलं.”

दादाने चित्र खसकन ओढून काढलं, पण बघायचं ते सगळ्यांनी बघून झालं होतं. बाबांनी एकवार मान वर केली, “हिला पहिल्यापासून नाटकंच फार,” म्हणाले आणि दुसरा तुकडा मागितला. वाढायला कुणी उठलं नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच हात लांब करून, बोटांनीच तो ओढून घेतला. ताईला वाटलं, आता आपल्यालाच उलटी होणार.

ती बाहेर जिन्यात येऊन बसली. पाठोपाठ धाकटी आली. दोघी कठड्याला टेकून बसल्या. दादाने त्या दिवसापासून ताईशी अबोला धरला, तो अजून सुटलेला नाही. ताईने सोडवायचा प्रयत्नही केला नाही.

त्या दिवशी जिन्यात धाकटी म्हणाली,

“ताई, तेव्हा माझे केस बारीक कापलेले होते गं. तू वेण्या काढल्यास.”

“चुकलं.”

“असू दे. छान दिसत होत्या.”